ताऱ्याचं सुतक

आमच्या कॉलेजात स्टाफरूमच्या मागं सिमेंटचा एक हौद होता, आणि फिजिक्सचे सर त्या हौदावर भर दुपारी, अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरनं पाणी घ्यायचे. त्यासाठीचा पितळी तांब्या त्यांच्या लॅबच्या कपाटात असायचा, भिंगं आणि लोलकांच्या शेजारी. दुसऱ्या कुणी पाणी प्यायला तो उचलला तर हा हसतमुख माणूस एकदम गंभीर व्हायचा. म्हणायचा, "त्यो मयतीचा हाय. ठिवा खाली."

मी केमिस्ट्रीची. केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या जवळ आमचं कॉलेज. नवीन नवीन नोकरीला लागले होते, तास संपवून पाणी प्यायला मागं गेले, तर हे गृहस्थ शर्ट-पँट घालून निथळतायत. खिशातला पेनसुद्धा काढलेला नाही. मी हातातलं पुस्तकच टाकलं.

"सर! काय झालं?"

"मयत झालंय मॅडम."

"अगं बाई! कोणाचं?"

"लांबचं हाय."

"किती लांबचं?"

सरांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि जरा विचार करून म्हणाले, "लई लांबचं. तिथनं निघालेली खबर इथवर यायला अब्जावधी वर्षं लागली बघा."

मी तशीच माघारी फिरले आणि शिपायाला विचारलं, हे सर बरे आहेत ना? शिपाई म्हणाला, "बरे हायेत. तारा मेला की असं करत्यात." जणू काही जेवल्यावर बडीशेप खातात, असं त्याच्या बोलण्यात होतं.

मग हळूहळू मला सगळं कळत गेलं. एखादा अवाढव्य तारा मरतो, म्हणजे आतल्या आत ढासळतो, तेव्हा काही क्षण त्यातून गॅमा किरणांचा एक प्रचंड झोत सुटतो. हे किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून ते बघायला वर उपग्रह ठेवलेत. उपग्रहाला झोत दिसला की तो खाली कळवतो, आणि ज्यांनी ज्यांनी नाव दिलंय त्यांच्या फोनवर नोटीस येते. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींवरच्या लोकांनी नाव दिलेलं होतं, आणि आमच्या सरांनीही दिलं होतं. आठवडी बाजारात मेथीची जुडी निवडताना त्यांचा फोन किणकिणायचा. सर मेथी खाली ठेवायचे, टोपी काढायचे. मेथीवाली बिचारी घाबरून भाव उतरवायची.

"ह्याला रात्र लागत न्हाई मॅडम," ते मला सांगायचे. "दुर्बीण लागत न्हाई, गच्ची लागत न्हाई. वैनी भाकरी थापत असताना मी चुलीपुढं बसून आकाश बघतो."

आणि ती अंघोळ? मी एकदा रागानंच विचारलं. विज्ञान शिकवता आणि सुतक पाळता? पोरांनी काय शिकायचं?

सर चिडले नाहीत. ते कधीच चिडायचे नाहीत, चिडण्याचं काम मी एकटी दोघांचं करायची. म्हणाले, "आपल्याकडं रीत काय हाय? जवळचं मयत आसंल तर दहा दिवस. पण लांबच्या गावाहून खबर लई उशिरा आली, तर दिवस धरत न्हाईत. ऐकलं की डोक्यावरनं पाणी घ्यायचं, झालं. खबर जुनी आसंना का, ऐकणाऱ्याला ती आजचीच की. ज्यानं कुणी ही रीत पाडली ना मॅडम, त्याला प्रकाशाचा वेग ठावूक नव्हता, पण उशीर ठावूक व्हता."

मला गप्प बसवणारी माणसं आयुष्यात फार थोडी भेटली.

एकदा मात्र त्यांची ही रीत अंगाशी आली. आमच्याकडं नवे प्राचार्य आले होते. मोठे शिस्तीचे आणि मोठे भाविक. त्यांनी सरांना ओलंचिंब पाहिलं, शिपायाला विचारलं, शिपाई म्हणाला मयत झालंय. झालं! दहा मिनिटांत घंटा. सगळी पोरं मैदानात. प्राचार्य माईकवर गहिवरून बोलायला लागले, आमच्या सरांवर कोसळलेला हा दुःखाचा डोंगर वगैरे वगैरे. मग हळूच माईक बाजूला करून सरांना विचारतात, "मयताचं नाव?"

"नाव न्हाई सर. नंबर हाय."

खरंच नंबरच असतो. ज्या तारखेला दिसला ती तारीख हेच त्याचं नाव. पण प्राचार्यांना ते कुठून कळणार? त्यांना वाटलं, बेवारस होतं बिचारं. त्यांनी आणखीनच गहिवरून दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि कॉलेज सोडून दिलं. पोरं खूश. पुढं कितीतरी दिवस पोरं सरांना गेटात गाठून विचारायची, "सर, आज कुणी गेलं का?"

पण सगळ्यात मोठी फजिती झाली ती सूर्याच्या वेळी. एकदा नोटीस आली आणि सरांनी नेहमीसारखं ताबडतोब डोक्यावरनं पाणी घेतलं. संध्याकाळी दुसरी नोटीस: तो झोत लांबच्या ताऱ्याचा नव्हताच, आपल्याच सूर्यावर एक भडका उडाला होता. सर इतके खजील झाले की स्टाफरूममध्ये यायला तयार होईनात. मी त्यांना हाताला धरून आणायचीच बाकी ठेवली.

"जित्याची अंघोळ झाली मॅडम. सूर्याची झाली."

"मग बरंच की सर! मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. वाढलं सूर्याचं. तुमच्यामुळं जग चार दिवस जास्त चालेल."

सगळे हसले. सर हसले नाहीत. "न्हाई मॅडम," ते म्हणाले, "जित्या माणसाची अंघोळ करू न्हाई." तेव्हा मला वाटलं, किती मनाला लावून घेतात! त्या बोलण्याच्या मागं कोण होतं ते मला पुढं कळलं.

तेव्हापासून त्यांनी दोन नियम केले. पहिला नियम: एकाच डिटेक्टरवर विश्वास ठेवायचा नाही. उपग्रहाच्या चारी अंगांना डिटेक्टर बसवलेले असतात. एकालाच काही दिसलं, तर तो त्याच्या डोळ्यातला कचरासुद्धा असेल. निदान दोघांना दिसलं पाहिजे. दुसरा नियम: आधी पार्श्वभूमी काढायची. अंतराळात किरणांचा सारखा रिमझिम पाऊस चालूच असतो. झोत यायच्या आधीचा आणि नंतरचा पाऊस मोजून तो वजा करायचा, मग जे उरेल ते खरं. त्या उरलेल्याचा स्पेक्ट्रम मांडायचा, म्हणजे कमी ताकदीचे किरण किती, जास्त ताकदीचे किती, आणि मधे शिखर कुठं आहे, याचा आलेख. सूर्याचा भडका त्या आलेखात लगेच पकडला जातो, त्याचे किरण मऊ असतात. मरणाऱ्या ताऱ्याचे कडक.

हा सगळा डेटा कुणालाही मिळतो. आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर सर तो उतरवून घ्यायचे. निम्मा उतरला की लाइट जायची. सर नुसते हात जोडून बसायचे. उपग्रहाला असे झोत जवळजवळ रोज दिसतात. सगळ्यांचं पाणी घेत बसले असते तर त्यांना नोकरी हौदावरच करावी लागली असती. म्हणून ज्याचा स्पेक्ट्रम स्वतःच्या हातानं मांडला, त्याचंच पाणी ते घ्यायचे. म्हणायचे, "वळख झाल्याबिगर सुतक लागत न्हाई."

मला ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू. मी पोरांना ज्योतीत मीठ टाकून पिवळा रंग दाखवायची. रंगावरून आत काय आहे ते ओळखायचं, हे तर माझंच काम. एकदा सर म्हणाले, "वरच्या डिटेक्टरात सोडियम आयोडाइडच्या चकत्या हायेत. गॅमा किरण आदळला की चमकत्यात. तुमचंच मीठ वर गेलंय मॅडम." त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, बरं, भाजीत जरा कमी टाक.

हे दोन नियम मग सर सगळीकडं लावायला लागले. स्टाफरूममध्ये कुणी कुणाची चहाडी सांगितली की विचारायचे, "किती डिटेक्टरात दिसलं?" संस्थेच्या अध्यक्षांचं तासभर भाषण झालं की माझ्या कानाशी लागायचे, "पार्श्वभूमी काढली तर उरतंय का काही?" परीक्षेत कॉपी करताना सापडलेलं एक पोरगं बेधडक म्हणालं, "सर, तुमी एकट्यानीच पाहिलंय, दुसरा डिटेक्टर कुठंय?" सरांना इतकं हसू आलं की कॉपी तेवढी काढून घेतली आणि त्याला परत पेपरला बसवलं. आणि मी कशावरून तरी भडकले की सर खुर्ची ओढून शांतपणे घड्याळाकडं बघत बसायचे. "चालू द्या मॅडम. प्रत्येक झोताचं असंच असतंय. आधी कडक, मग मऊ." मी आणखी भडकायची. आणि मग, काय सांगू, मऊ व्हायचीच.

कधीमधी अगदी छोटा झोत यायचा, डोळ्याचं पातं लवेस्तोवर संपणारा. ते वेगळं प्रकरण. दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एकमेकांत मिसळतात, त्याचा तो झोत. त्या दिवशी अंघोळ नसायची. सर खिशातून रंगवलेली ज्वारी काढायचे आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या डोक्यावर अक्षता टाकायचे. "लागलं एकदाचं. लई दिवस सोयरीक रेंगाळली व्हती." मराठीच्या मॅडमच्या अंबाड्यात एकदा ती ज्वारी दोन दिवस राहिली.

सर स्वतः मात्र बिनलग्नाचे. घरात ते आणि त्यांच्या वैनी, दोनच माणसं. वैनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. आईबाप लवकर गेले. भाऊ आणि वैनी दसरा झाला की साखर कारखान्यांच्या मुलखात ऊसतोडीला जायचे. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, तसा तो कोयता. त्या दोघांनी धाकट्याच्या हातात कोयता येऊ दिला नाही. कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपडीत, वैनी पहाटेच्या अंधारात ऊस तोडायला जायच्या आणि हा गावात थांबून शिकायचा. सरांच्या तोंडात 'दादा' हा शब्द आला की आवाज बदलायचा.

आणि एका हंगामात दादा वाढं विकायला गेला. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. तोडणीवाले तो जनावरांच्या चाऱ्यासाठी विकतात. अंगात निळा सदरा, गाडी जुंपून दादा तिकडच्या बाजाराला गेला. दुपारी गाडी कालव्याच्या पुलावर उभी सापडली. बैल जुंपलेले, वाढं विकलेलं, दादा नाही. कुणी म्हणालं पाणी प्यायला उतरला आणि वाहून गेला. कुणी म्हणालं मुकादमाकडनं घेतलेली उचल फिटेना, त्या भीतीनं परागंदा झाला. कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. कालवा शोधला, गावं शोधली. माणूस नाही आणि प्रेतही नाही.

हे सगळं मी तिथं जायच्या आधीचं. मी गेले तेव्हा वैनींच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि दारातल्या खुंटीला दादाचा पटका होता. घरात त्याचं ताट वाढत नसत, पण घासून पालथं घातलेलं असायचं. वैनींना हसायला यायचं, पण त्या हसून झालं की दाराकडं बघायच्या. मी बघितलंय ते.

नारायणगडाच्या यात्रेला एकदा आम्ही सगळे स्टाफचे गेलो होतो. सगळी दुनिया देवाकडं तोंड करून उभी, आणि आमचे सर देवाकडं पाठ करून. रांगेत येणाऱ्या एकेका माणसाचा चेहरा बघत होते. मी म्हटलं, "सर, देव तिकडं आहे." ते म्हणाले, "त्यो कुठं जातोय? त्यो हायेच."

आता ती कुरडयांची दुपार सांगते.

उन्हाळ्याचे दिवस. तोडणीवाले गावाकडं परत आलेले. वैनींनी गव्हाचा चीक शिजवला होता आणि कुरडया घालायला भावकीतल्या बायका जमल्या होत्या, मीही गेले होते. अंगणात खाटांवर धोतरं पसरलेली. सर सावलीला बसून मोबाइलवर कुठलातरी आलेख बघत होते. तेवढ्यात गेवराईकडचा एक माणूस विचारत विचारत आला. तोडणीवाला होता. उभ्यानंच म्हणाला, "तुमचा माणूस वाढं विकाया गेलता आन आला न्हाई, असं यंदा उसाच्या फडावर कानावर आलं. म्हणून आलोय. त्या साली कालव्याच्या खालच्या अंगाला, पाणी सोडायच्या दारापाशी एक मयत लागलं व्हतं. म्या पाहिलं. निळा सदरा व्हता. कुणाचं हाय कळंना, तिकडच्याच लोकांनी माती दिली."

सोऱ्या थांबला.

मग एका म्हातारीनं हंबरडा फोडला, आणि दुसऱ्या दोघी उठून वैनींकडं गेल्या. एकीनं त्यांच्या बांगड्यांना हात घातला.

"थांबा!"

सरांचा इतका मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. ते उठून मधे उभे राहिले. त्या माणसाला म्हणाले, "त्वांड वळखू येत व्हतं?"

"न्हाई जी. पाण्यातलं मयत."

"निळे सदरे त्या तळावर कितीकांचे व्हते?"

"लई जणांचे व्हते. बाजारात तेच मिळायचे."

"मग ती पार्श्वभूमी झाली," सर म्हणाले. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. "तुमच्या संगं आजून कुणी पाहिलं?"

"मी एकलाच हुतो."

"एकट्यानं पाहिलेलं धरत न्हाई मी. वैनी, बांगड्याला हात लावू देऊ नगा."

वैनी चिकाचा हात तसाच धरून बसल्या होत्या. त्या हळूच बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "भावजी, मला रडू द्या की. किती वर्सं राखून ठिवू?"

सरांचं तोंड पांढरंफटक पडलं. तरी ते म्हणाले, "जित्या माणसाची अंघोळ करायची न्हाई वैनी. दुसरा कुणी भेटू द्या. मी हुडकून आणतो."

वैनींनी त्यांच्याकडं पाहिलं. मग सोऱ्या ओढून घेतला आणि पुन्हा कुरडई घालायला लागल्या. त्या बाईनं त्या दिवशी सगळा चीक संपवला. पाहुण्याला चहा केला, जेवायला वाढलं. एक टिपूस नाही. मी घरी आले आणि मीच रडले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना हौदावर गाठलं. राग नुसता नाकावर होता. म्हटलं, "सर, अब्ज वर्षांपूर्वी मेलेल्या कुठल्या कोणासाठी तुम्ही डोक्यावरनं पाणी घेता. आणि घरातली बाई रडायची परवानगी मागते, तर तिला डिटेक्टर सांगता? दगड आहात का?"

सर हौदाच्या कठड्यावर बसले. तांब्या हातात फिरवायला लागले.

"ते तारे माझे न्हाईत मॅडम," ते म्हणाले. "म्हणून सोपं जातंय. दादासाठी एक तांब्या कवापासनं भरून ठिवलाय. उचलाया हात व्हत न्हाई. मी वतला आन त्यो दारात उभा ऱ्हायला तर?"

आणि मग, "दादा म्हणंल, धाकट्यानं वाटसुदीक बघितली न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसले, एवढंच. शिपाई येऊन आम्हाला बघून परत गेला. लोक बोललेही असतील. बोलू देत. तसलं काही नव्हतं, आणि जे होतं त्याला आमच्याकडं शब्द नाही.

त्या वर्षापासून सुट्टी लागली की सर तिकडं कारखान्याच्या मुलखात जायचे. कालव्याच्या काठानं गावोगाव, जुने मुकादम, जुने तोडणीवाले, कालव्याची दारं उघडणारे, माती देणारे. उन्हानं काळेठिक्कर पडून परत यायचे. मी विचारायची, "काय सापडलं सर?"

"पार्श्वभूमीच."

वैनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. एकीला रडायचं होतं आणि एकाला वाट बघायची होती, आणि दोघं एकाच माणसासाठी. एका घरात राहून, एकमेकांना इतकं जपून.

मग संस्थेनं माझी बदली केली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गेवराईला. हायवे, वाळूचे ट्रक, धूळ. निघताना सरांनी माझा फोन घेतला आणि त्यावर ती नोटीस चालू करून दिली. "तिकडं बी हौद आसंल मॅडम."

"मला नाही कपडे वाळवायला वेळ."

पण नोटीस यायची. मी तासावर असायची, नाहीतर भाजी फोडणीला टाकत असायची, आणि फोन किणकिणायचा. पाठोपाठ सरांचा फोन. "आली का?" "आली." "मोठा हाय मॅडम. शिखर बघा कुठं गेलंय." मग स्पेक्ट्रम मांडून झाला की परत फोन: "घेतलं पाणी." बस, एवढंच बोलणं. मला त्या 'घेतलं पाणी'ची इतकी सवय झाली की दिवसाचं काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात नोटिसा येत राहिल्या, सरांचा फोन आला नाही. म्हटलं, कालव्याकाठी गेले असतील, तिकडं रेंज नसेल. कॉलेजच्या ग्रुपवर कळलं असतं. पण तो ग्रुप मी केव्हाच सोडलेला. रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार! कोण सहन करणार?

पावसाळा सरत आला तेव्हा हायवेच्या हॉटेलात एक पोरगा उठून पाया पडला. आमचाच जुना विद्यार्थी, तोच तो कॉपीवाला. आता ट्रक चालवतो. इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "मॅडम, फिजिक्सचे सर गेले की. उन्हाळ्यातच."

मी त्याला विचारलं, "तू पाहिलंस?"

"न्हाई. ऐकलं."

"मग एकट्यानं सांगितलेलं धरत नाही मी," मी म्हटलं, आणि माझा आवाज माझ्याच कानाला ओळखू येईना. पोरगा खाली मान घालून उभा राहिला.

घरी आले आणि सरांचाच नंबर लावला. रिंग गेली. मनात म्हटलं, उचला. एकदा 'हां मॅडम' म्हणा, मग त्या पोराला मी बघते. फोन उचलला गेला.

"सर! मी बोलतेय."

"मॅडम, मी वैनी."

मग वैनी म्हणाल्या, "सकाळी च्या दिला. कप तसाच ऱ्हायला. काही तकलीफ न्हाई झाली त्यांना. तुमाला कळवायचं व्हतं, पर फोनमदलं तुमचं नाव मला वाचाया येईना."

"फोन चालू ठेवलाय तुम्ही, वैनी?"

"चार्जिंग लावती रोज. मधीमधी किणकिणतो. मी म्हणती, गेलं कुणीतरी. तेवढीच घरात चाहूल."

वैनीच पुढं बोलल्या, आवाज एकदम खाली आणून, जणू अंगणात कुणी ऐकत असावं. "मॅडम, एक सांगू का? माती देऊन माणसं आली, आमी बायकांनी डोक्यावरनं पाणी घेतलं. एक तांब्या भावजींचा घेतला. आन मग... दुसरा घेतला. कुणाला बोलले न्हाई. दुसरा ह्यांचा घेतला." त्या थांबल्या. "भावजी आसते तर आडवलं आसतं. लई जीव व्हता त्यांचा. तवापासनं मनाला लागलंय. चुकलं का माझं?"

मी आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट शिकवली. न पाहिलेलं रीडिंग लिहायचं नाही. जर्नलं फाडलीत मी त्यासाठी.

"वैनी," मी म्हटलं, "सरांचा नियम काय होता? दोघांना दिसलं की खरं मानायचं."

"व्हय."

"एक त्या गेवराईच्या माणसानं पाहिलं. दुसरी मी."

"तुमी?"

"हो. मी."

वैनी शहाणी बाई. त्यांनी कुठं, कसं, कधी, काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "मग रडू का आता?"

"रडा वैनी."

आणि त्या रडल्या. इतक्या वर्षांचं राखून ठेवलेलं. मी फोन कानाला धरून भिंतीला टेकून उभी राहिले. मधे एकदा दोन्ही फोन एकदम किणकिणले, त्यांच्या हातातला आणि माझा. त्यांनीही ऐकलं असणार. रडणं थांबलं नाही.

त्यांनी फोन ठेवल्यावर मी बादली भरली आणि साडीसकट डोक्यावरनं एक तांब्या पाणी घेतलं. आवाज ऐकून नवरा धावत आला आणि दाराबाहेरून विचारायला लागला, "कोण गेलं गं? लांबचं का जवळचं?"

मी म्हटलं, "थांबा जरा. अजून एक तांब्या राहिलाय."